बोळाचा दावा

२ जुलै २०२४

परमेश्वरने आज पुन्हा बोळात खताची पोती रचली. माझ्या दारातून रस्त्यावर जायला हा एकच बोळ आहे. घराची वाटणी झाली तेव्हा धाकट्या दिरांनी रस्त्याकडचा भाग घेतला, आम्हाला मागचा आला, आणि बोळ दोघांचा असे चार माणसांसमक्ष ठरले. आता दीरही नाहीत आणि माझे यजमानही नाहीत. राहिलो मी आणि माझी जाऊ मालन. आणि तिचा मुलगा परमेश्वर, बी-बियाण्यांचे एक दुकान काढले म्हणून स्वतःला सेलूचा मालक समजणारा.

पोती काढ म्हटले तर म्हणतो, पेरणीचे दिवस हायत मोठी आई, थोडं चालवून घ्या. मालन तिच्या दारात ज्वारी पाखडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाय दिलेत की देवानं. ओलांडून जावा."

मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवले. मला चौथी नापास बाई पाय कशासाठी असतात ते सांगणार. दावा लावायचा, ठरले.

अक्षर फार बारीक येत आहे. हे पेन टाकून द्यायला हवे.

१९ जुलै

वकीलपत्रावर सही केली. वकील भला माणूस आहे, पण मध्येच विचारतो, बाई, माझ्यावर रागावलात का? मी म्हटले, नाही. पुन्हा थोड्या वेळाने तेच. परवा शेजारच्या कुसुमबाईंच्या नातीच्या बारशाला गेले तर त्याही रुसल्या. म्हणे, लीलाबाई, तुम्ही बाळाकडे बघून हसलासुद्धा नाहीत. मी हसले होते. मला पक्के आठवते. लोकांना हल्ली काहीतरी खुसपट काढायला हवे असते.

उजवा खांदा आखडला आहे. मलम चालू. भाजी करपून धूर झाला तरी वास आला नाही, सर्दी असावी.

६ ऑगस्ट

आज जे झाले ते कोणाला सांगण्यासारखे नाही म्हणून इथे लिहिते.

दूध आणायला निघाले. पोत्यांनी बोळ एका माणसापुरता उरला आहे. त्या अरुंद जागेत शिरले आणि पाय थांबले. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या. नुसते जमिनीला चिकटले. अंग पुढे जात होते, पाऊल निघत नव्हते. भिंतीला हात लावून उभी राहिले. पडेन असे वाटले.

मालन दारातून बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. मग म्हणाली, "जाऊबाई, बोळासाठी कोर्टात निघालात आन बोळातच मुक्काम करायलात का?"

असा संताप आला की पाऊल आपोआप उचलले. दुसरेही उचलले. रस्त्यापर्यंत ताठ चालत गेले. दूध घेताना हात इतका हलत होता की पिशवी दुसऱ्या हातात घ्यावी लागली. ही सगळी त्या बाईची करणी. माणसाचे रक्त आटवते.

१२ ऑगस्ट

बोळात एका बाजूची पोती गेली आहेत. नोटीस पोचलेली दिसते. कायद्याचा धाक काही वेगळाच.

१४ ऑगस्ट

वकील म्हणाले, नोटीस अजून निघालीच नाही. मग पोती कोणी हलवली कळत नाही.

२३ ऑगस्ट

मैथिली नाशिकहून आली ती मला बघून दारातच थांबली. म्हणाली, आई, तुझा उजवा हात चालताना हलतच नाही. नुसती बसलीस की मात्र अंगठा बोटावर घासत राहतो, जपमाळ ओढल्यासारखा. मला कधी जाणवले नव्हते. आज गाडीने परभणीला नेले, मेंदूच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टर पोरसवदा. अंगठा आणि बोट पटापट जुळवा म्हणाले. डाव्याचे जुळले, उजव्याचे मध्येच अडकायला लागले. चालायला लावले, वळायला लावले, मागे उभे राहून खांदे ओढले. एक वाक्य लिहायला दिले. वाक्याचा पहिला शब्द ठीक होता, शेवटचा मुंगीएवढा. पेन त्यांचे होते.

मग ते मैथिलीला सांगू लागले. यांना पार्किन्सन आहे, आपण कंपवात म्हणतो तो. मी म्हटले, मी इथे बसले आहे, मला सांगा. त्यांना ऐकू गेले नाही. पुन्हा म्हणाले तेव्हा खुर्ची माझ्याकडे वळवली. माणूस वाईट नाही. मेंदूत एक द्रव्य बनते, ते हालचालीचा हुकूम पोचवते. ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. म्हणून पाय अडतो, आवाज बसतो, अक्षर आकसते, चेहऱ्यावर हसू उमटत नाही. वास जाणे त्यातलेच. खांदासुद्धा. आजार पुरता बरा होत नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामाने पुष्कळ वर्षे नीट जगता येते. गोळी जेवणाआधी घ्यायची, दूध-डाळीबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही. रोज चालायचे. मोठ्याने बोलायचा सराव करायचा.

म्हणजे कुसुमबाई खोटे बोलत नव्हत्या. मी हसले होते, आणि हसू बाहेर आले नव्हते.

परतीच्या गाडीत मैथिली रडली. मला तिचा राग आला. माझे दुखणे, माझ्याआधी ती रडून मोकळी. म्हणते, दावा सोड, नाशिकला चल. तिथे तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू? नाही म्हटले.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्या मालनकडे बसतात, वाटणीपासून. मी गेले नाही. कुसुमबाई संध्याकाळी येऊन सांगून गेल्या की मालनने बायकांसमोर माझ्या हाताची नक्कल केली. म्हणाली, "गणिताच्या बाई आता बोटावर हिशेब करायल्यात." सगळ्या हसल्या म्हणे. कुसुमबाईसुद्धा हसल्या असणार, नाहीतर इतके हुबेहूब कसे सांगतील.

तिचे घर जळो असे मनात आले. आले ते लिहिले.

२९ सप्टेंबर

गोळी लागू पडते हे खरे. घेतल्यावर थोड्या वेळाने अंगातली कुलुपे एकेक करून उघडतात. वेणी घालता येते, पोळी लाटता येते. पुढची गोळी जवळ आली की पुन्हा बंद व्हायला लागतात. ब्लाउजची बटणे तेवढ्या उघड्या वेळात लावून घ्यायची, फोन करायचे, दळण आणायचे. चांगल्या वेळेचा असा धूर्तपणे वापर करायला शिकले आहे. फक्त गोळी विसरता कामा नये.

रोज सकाळी बोळातून रस्त्यापर्यंत फेऱ्या घालते. मालनला ते बघवत नाही. मी चालायला लागले की सूप घेऊन दारात बसते आणि जमिनीवर आपटायला लागते. ठप, ठप, ठप. धान्य नसले तरी आपटते. मी थांबले की जोरात. शिवाय तोंड चालूच, "उचला, उचला, काय राणीसारखं मिरवायलात." मीही तिच्या नाकावर टिच्चून चालते, एकेक ठोक्यावर एकेक पाऊल. काल ती बाजाराला गेली होती. शांतता होती, आणि नेमकी मी पोत्यांपाशी अडकले. शांततेची सवय गेली म्हणायची.

१७ ऑक्टोबर

तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. उरलेली पोती उचलली. परमेश्वर माझ्याकडे न बघता हमालांवर ओरडत होता. फार बरे वाटले.

हात अजून हलतो, म्हणून डॉक्टरांनी कंपासाठी आणखी एक गोळी दिली.

२१ नोव्हेंबर

भिंतीवर मुले बसतात. शाळेचा गणवेश घातलेली, पाय खाली सोडून. बोलत नाहीत. पहिल्यांदा वाटले परमेश्वरची असतील. पण त्याची दोन, आणि ही पुष्कळ. आज त्यांना म्हटले, घरी जा रे, जेवायची वेळ झाली.

मालनने बोळातून विचारले, कोणाशी बोलायलात? मी म्हटले, ही पोरं कोणाची? तिने भिंतीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, बराच वेळ. "कुणाचीच न्हाईत," म्हणाली आणि आत गेली. एरवी टोमणा मारल्याशिवाय न जाणारी बाई.

२३ नोव्हेंबर

मैथिलीचा फोन. मालनकाकूने तिला सगळे कळवले. म्हणजे आता ही बाई माझ्यावर पाळत ठेवून पुरावे गोळा करते, आणि माझ्याच पोरीला फितवते. मी फोन आपटला. मैथिलीने डॉक्टरांना विचारून रात्री पुन्हा फोन केला. ते म्हणाले, त्या नवीन गोळीने या वयात असे भास होऊ शकतात. एकदम बंद करायची नाही, कमी करत जायची.

म्हणजे मुले नव्हती. नव्हती हे कळूनसुद्धा ती तिथे बसलेली दिसतात, ही गोष्ट मी कोणत्या रीतीने सोडवू?

१० डिसेंबर

मुले गेली. हात पुन्हा जास्त हलतो. हलू दे. भिंत रिकामी रिकामी दिसते.

२१ जानेवारी २०२५

माझी साक्ष झाली. न्यायाधीश तरुण बाई आहेत, मला खुर्ची दिली. गोळीची वेळ मोजून गेले होते, पण आधीची प्रकरणे लांबली आणि मला बोलावले तेव्हा ती उतरणीला लागली होती. आवाज खोल गेला. त्यांचा वकील कानामागे हात धरून उभा, जणू विहिरीत डोकावतो आहे.

वाटणीचे, बोळाच्या रुंदीचे मी सगळे नीट सांगितले. मग त्याने विचारले, बाई, तुम्हाला नसलेली माणसे दिसतात ना? भिंतीवर मुले दिसतात?

त्यांच्या बाजूला हे फक्त मालनला माहीत होते. ती मागच्या बाकावर पदर सारखा करत बसली होती.

मी म्हटले, दिसत होती. गोळीमुळे. आता दिसत नाहीत. त्याला पहिले दोनच शब्द हवे होते. म्हणाला, बाईंच्या मेंदूलाच आजार आहे, त्यांच्या आठवणीवर बोळाची मालकी कशी ठरवायची?

बाहेर आले तेव्हा परमेश्वर हसत होता. मालन नव्हती हसत, पण तिने न हसता काय काय केले आहे ते मला कळले. इतका द्वेष मी आजवर कोणाचा केला नव्हता. बरे वाटत होते, हेही लिहून ठेवते. अंगात ऊब आल्यासारखे.

२ फेब्रुवारी

झोप नाही. वकील म्हणतात, आता मालनची साक्ष राहिली. तिच्या साक्षीच्या कागदात लिहून दिले आहे की माझे डोके ठिकाणावर नाही. तिने तोंडाने तेच सांगितले तर अवघड आहे. मैथिली पुन्हा म्हणते, सोड. मला बोळाचे आता तितके वाटत नाही. पण मी वेडी ठरून हरणार नाही.

१८ फेब्रुवारी

आजचे सगळे जसेच्या तसे लिहिते.

मालन हिरवे लुगडे नेसून आली होती, लग्नाला आल्यासारखी. माझ्या वकिलांनी तिला विचारले, तुमच्या कागदात लिहिले आहे की लीलाबाईंचे डोके ठिकाणावर नाही, हे खरे का?

"कोण म्हणलं?" ती म्हणाली.

वकील म्हणाले, खाली तुमची सही आहे.

"सही माझी हाय. लिहिलं ह्या वकील सायबानं. मला वाचून कोण दावलं?"

परमेश्वर मागून "आई!" म्हणाला. न्यायाधीशबाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले, तो खाली बसला. त्यांचा वकील घाईने उठला. त्यांना मुले दिसायची हे तुम्हीच आम्हाला सांगितले ना, असे त्याने विचारले.

"सांगितलं. गोळीनं दिसायलती. गोळी बंद केली, गेली पोरं." मग ती सरळ न्यायाधीशबाईंकडे वळली. "मॅडम, ह्यांचं अंग बिघडलंय, डोकं न्हाई. मी लग्न होऊन आले तवापासून ह्यांच्याशी भांडायले, मला ठाऊक न्हाई का? ह्या येड्या न्हाईत. लबाड हायत. बोळ आमचा हाय हे ह्यांना पक्कं माहीत हाय, आन तरी कोर्टात आल्यात. येड्या माणसाला इतकं जमतं का?"

टंकलेखकाने मान वर करून विचारले, लबाड असेच लिहू का? न्यायाधीशबाई खाली बघून म्हणाल्या, साक्षीदार म्हणतात तसेच लिहा. त्यांचा वकील बसला. माझे वकील म्हणाले, आणखी काही विचारायचे नाही.

भरल्या कोर्टात मला लबाड म्हणाली. मी निवृत्त शिक्षिका. माझ्या विद्यार्थिनी या गावात संसार करताहेत. वकील मात्र बाहेर येऊन इतके खूश की त्यांनी मला चहा पाजला. यात खूश होण्यासारखे काय आहे ते मला कळले नाही. अब्रुनुकसानीचा दावा लावता येईल का विचारले, तर म्हणाले, बाई, आता घरी जाऊन विश्रांती घ्या.

२२ एप्रिल

निकाल माझ्या बाजूने. बोळ दोघांचा, कोणी काही ठेवायचे नाही.

मी पेढे आणले. वाटायला कुसुमबाईंशिवाय कोणी सुचले नाही.

२८ एप्रिल

परमेश्वर वेगळा झाला. दुकानाचा माल, बायको, पोरे, सगळे घेऊन स्टेशनकडे भाड्याने गेला. आईनेच केस घालवली म्हणतो. टेम्पो भरताना तो आईशी एक शब्द बोलला नाही. धाकटी नात टेम्पोतून हात हलवत होती. मालन दारात उभी होती, तिने हात हलवला नाही.

चांगली जिरली. आपल्या तोंडाने आपले घर मोडले. मला लबाड म्हणायची हौस होती ना.

७ मे

मालनच्या घरातून भांड्यांचा आवाज येत नाही. एकटीसाठी काय शिजवत असेल. माझ्यासारखेच, सकाळचे संध्याकाळी. दार लावलेले असते. आज बोळ अगदी मोकळा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कोर्टाने दिलेला. त्यात उभी राहिले तर पाय निघेना. वैतागून एकटीच मोठ्याने म्हटले, उचल, उचल. थोडे चालले. पण त्यात जोर नव्हता.

डॉक्टरांना फोनवर सांगितले. म्हणाले, मनात ताल धरा, नाहीतर जमिनीवर पट्टे आखा आणि ते ओलांडत चला, अशा आजारात बाहेरचा ताल किंवा खूण पायाला उपयोगी पडते. खडूने पट्टे आखले. जमते.

१६ मे

आज मालन आली. बोलावले नव्हते. माझ्या ओट्यावर बसली, खडूचे पट्टे बघून म्हणाली, हे काय लंगडी खेळायला आखलंय का?

म्हणाली, परमेश्वर दावा सोडून दे म्हणतोय, पण ती सोडणार नाही. परभणीच्या कोर्टात अपील करणार. तिने दुसरा वकील पाहिला आहे, हा पहिला कामाचा नव्हता. मी म्हटले, खुशाल कर.

"मोठ्यानं बोला, ऐकू येईना."

मी मोठ्याने म्हटले, खुशाल कर. भिंतीवरची कबुतरे उडाली इतक्या मोठ्याने.

"तारखेला परभणीला यावं लागंल. गाडीत चढणं जमंल का तुमाला?"

मी म्हटले, तुझ्याआधी चढेन.

ती बराच वेळ बसली. तिच्या पायाच्या टाचा भेगाळल्या आहेत, डोळे सुजलेले होते. रडत असावी, किंवा झोपत नसावी. मी विचारले नाही. पाणी दिले. हात हलून अर्धे ओट्यावर सांडले. ती उरलेले प्यायली.

उठताना म्हणाली, "अपिलाचा निकाल लागस्तोर मरू नका. मला मेलेल्या माणसाशी भांडायचं न्हाई."

मी म्हटले, मला इतक्यात सवड नाही.

पायरीवर थांबून ती मागे न बघता आणखी एक बोलली. "दुपारची गोळी राहिलीय तुमची. घ्या." घड्याळ पाहिले तर खरेच राहिली होती, वेळ टळून गेली होती.

माझ्या गोळ्यांच्या वेळा या बाईला पाठ कशाला हव्यात? यात नक्की काहीतरी डाव आहे. उद्या वकिलांच्या कानावर घातले पाहिजे.